सहा प्रवाशांचे विमान

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये, आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी, मी हैदराबादहून नांदेडला विमानाने गेलो. सुमारे सत्तर आसनांच्या त्या एटीआर विमानात आम्ही सहा प्रवासी होतो. विमान रिकामे दिसल्यावर मी साहजिकच पुढच्या खिडकीकडे वळलो, पण हवाई सेविकेने मला थांबवले आणि उड्डाण होईपर्यंत आम्ही सर्वांनी नेमून दिलेल्या रांगांतच बसावे असे सांगितले. भरलेल्या विमानात माणसांचे वजन आपोआप सर्वत्र वाटले जाते. सहाच माणसे असली आणि ती एकाच टोकाला बसली, तर विमानाचा गुरुत्वमध्य सरकू शकतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणापूर्वी जी लोड अँड ट्रिम शीट तयार होते, तिच्यात कोणत्या भागात किती माणसे बसली आहेत याची नोंद असते आणि वैमानिक तिच्यानुसार विमानाचा तोल साधतो. एरवी गर्दीत ज्याची दखलही घेतली गेली नसती, त्या माझ्या पंच्याहत्तर किलो वजनाला त्या दिवशी निश्चित जागा होती.

सुरक्षेची प्रात्यक्षिके मी अनेकदा पाहिली आहेत, म्हणजे खरे तर पाहिलेली नाहीत. त्या दिवशी पाहावीच लागली. सहा माणसांसमोर उभी राहून ती मुलगी पट्टा कसा लावायचा ते दाखवत होती आणि प्रत्येकाच्या डोळ्यांकडे पाहून पुढचे वाक्य सुरू करत होती. प्रवासी सहा असोत की सत्तर, सेविका दोघीच असाव्या लागतात, कारण दर पन्नास आसनांमागे किमान एक असा नियम आहे आणि तो आसने मोजतो, माणसे नव्हे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भरलेल्या विमानातील प्रवाशाला मिळणारे संरक्षण सहा जणांच्या विमानातही एका अंशाने कमी होत नाही.

नांदेडला उतरलो तेव्हा त्या रिकामेपणाचा उलगडा झाला. त्याच विमानाने परत जाण्यासाठी चाळीसेक माणसे थांबली होती. सचखंड गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेऊन परतणारी शीख कुटुंबे होती, हैदराबादच्या रुग्णालयात तपासणीसाठी निघालेला एक वृद्ध चाकाच्या खुर्चीत होता, दोन-तीन व्यापारी होते. आमचे विमान आमच्यासाठी जेवढे आले होते, त्याहून अधिक त्यांच्यासाठी आले होते.

मराठवाड्यातील खेड्यात वाढलेल्या माणसाला हे नवीन वाटू नये. आमच्या कंधार तालुक्यात मुक्कामाची एसटी रात्री शेवटच्या गावी पोहोचत असे, तेव्हा गाडीत चालक, वाहक आणि फार तर दोन माणसे असत. चालक-वाहक मारुतीच्या देवळात पथारी टाकून झोपत. सकाळी सहाला तीच गाडी निघे आणि शाळेची मुले, दूधवाले, बाजाराला निघालेल्या बाया यांनी ती पहिल्या दोन थांब्यांतच भरून जाई. रात्रीची फेरी रिकामी जाते म्हणून ती बंद करा, असे कोणी म्हटले असते तर गावाने त्याला एवढेच विचारले असते की मग सकाळची गाडी कुठून येणार? विमानांच्या बाबतीत मात्र शिकली-सवरलेली माणसे एका बाजूच्या फेरीतील रिकाम्या खुर्च्यांचे छायाचित्र काढतात आणि ‘जनतेचा पैसा वाया’ असे लिहून मोकळी होतात. मला हे अन्यायाचे वाटते.

त्या रात्री आईने डोळ्यावर पट्टी असतानाच विचारले होते, “गाडीत माणसं किती होती रे?” विमानालाही ती गाडीच म्हणते. मी सहा म्हटल्यावर ती म्हणाली, “मग बंद करतेत की ते.”

याहून वेगळा रिकामेपणा मी मे २०२१ मध्ये पाहिला. धाकटा भाऊ ठाण्याच्या रुग्णालयात होता. तेलंगणात टाळेबंदी लागली होती आणि महाराष्ट्रात येणाऱ्या प्रत्येकाला ४८ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल बंधनकारक झाला होता. १८० आसनांच्या एअरबसमध्ये आम्ही अकरा जण होतो. एका वर्षापूर्वी, २५ मे २०२० ला दोन महिन्यांच्या खंडानंतर देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली, त्यानंतर काही दिवसांतच मधल्या आसनावरील प्रवाशाला अंगभर झगा देण्याचा नियम आला होता. आता मधल्या आसनावर बसायला माणूसच नव्हता. दोन तासांपेक्षा कमी अंतराच्या विमानात जेवण देण्यास बंदी असल्यामुळे सेविकांना काही वाढायचेही नव्हते.

विमानात थंडी फार वाजत होती. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. १८० माणसांची ती ऊब तिथे नव्हती. आवाजही निराळा होता, कारण एरवी तो शोषून घेणारी माणसे आणि त्यांचे कपडे नव्हते. डोक्यावरचा कप्पा बंद केल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. भरलेल्या विमानापेक्षा आम्ही पंधराएक टनांनी हलके होतो, त्यामुळे जमीन सुटल्यावर विमान ज्या झपाट्याने वर चढले तसे मी त्यापूर्वी अनुभवले नव्हते.

माझ्या दोन रांगा पुढे एक तरुण मुलगी होती. दरवाजे बंद होण्यापूर्वी तिला फोन आला. ती काहीही बोलली नाही, फक्त फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिली. पांढऱ्या पीपीई पोशाखातील एक सेविका तिच्याजवळ आली आणि मार्गिकेत गुडघ्यांवर बसली. उड्डाणाच्या वेळी ती आपल्या जागेवर गेली, आणि पट्ट्याचा दिवा विझताच परत येऊन मार्गिकेच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली. मुंबईला उतरण्याची सूचना होईपर्यंत ती तिथेच होती. १८० प्रवासी असते तर तिला हे जमले नसते. त्या दोघींमध्ये काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, आणि ऐकू यावे असे मला वाटलेही नाही. माझा भाऊ एकोणीस दिवसांनी बरा होऊन घरी आला. त्या मुलीचे काय झाले याचा विचार आजही मनात येतो.

त्याच महिन्यात मुंबईहून दुबईला ३६० आसनांच्या बोइंग ७७७ मधून एकटाच गेलेल्या प्रवाशाची बातमी गाजली. त्याच्या आनंदाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण ‘अख्खे विमान स्वतःचे’ या शब्दांत त्या काळातील रिकाम्या विमानांचे वर्णन सुरू झाले, तेव्हा मला वाईट वाटले. त्या दिवसांत विमानात बसलेल्या बहुतेकांना कुठेतरी वेळेत पोहोचायचे होते, आणि अनेक जण पोहोचू शकले नाहीत.

रिकामी विमाने उडवण्याचे मी सरसकट समर्थन करत नाही. गर्दीच्या विमानतळांवर कंपन्यांना उतरण्या-उडण्याच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात आणि त्यांपैकी ८० टक्के वेळा प्रत्यक्ष वापरल्या नाहीत, तर पुढच्या हंगामात त्या जाऊ शकतात. केवळ ही जागा अडवून ठेवण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीने २००६-०७ मध्ये हीथ्रो ते कार्डिफ अशी रिकामी विमाने उडवली होती. कोरोनाच्या सुरुवातीला युरोपात पुन्हा तेच होऊ लागले आणि मार्च २०२० मध्ये युरोपीय संघाला तो नियम स्थगित करावा लागला. विमानाचे बहुतांश इंधन त्याच्या स्वतःच्या वजनासाठीच जळते, त्यामुळे माणसे नसली तरी धूर फारसा घटत नाही. पलीकडे कोणीही वाट पाहत नसताना केवळ हक्क टिकवण्यासाठी उडणारे विमान हा माझ्या मते अपराध आहे.

नांदेडसारख्या गावांची गोष्ट वेगळी आहे. २७ एप्रिल २०१७ ला, छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्ग सुरू झाला, तेव्हा आमच्या भागात केवढा आनंद झाला होता! तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांची मर्यादा, निम्म्या आसनांसाठी हा सवलतीचा दर, आणि कंपनीचा तोटा भरून काढण्यासाठी तीन वर्षे अनुदान, अशी तेव्हा तिची रचना होती. पण सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही चालू राहिलेले मार्ग केवळ ५४ होते.

याचा दोष नेहमी ‘प्रवासीच नाहीत’ या एका वाक्यावर टाकला जातो. माझा अनुभव उलटा आहे. २०१९ मध्ये माझे नांदेडचे विमान दोनदा ऐनवेळी रद्द झाले. दोन्ही वेळा कारण तांत्रिक असल्याचे सांगितले गेले. दुसऱ्या वेळी वडिलांचे वर्षश्राद्ध होते आणि रात्री टॅक्सी करून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर जावे लागले. त्यानंतर वर्षभर मी देवगिरी एक्स्प्रेसनेच जात राहिलो, कारण ती उशिरा का होईना, येते. माझ्यासारखे आणखी किती जण असतील? विमान भरवशाचे नाही म्हणून माणसे जात नाहीत, माणसे जात नाहीत म्हणून विमान रद्द होते, आणि शेवटी कागदावर मागणी नसल्याची नोंद होते. तीन वर्षांचे अनुदान देताना पहिली दोन वर्षे किती आसने भरली यापेक्षा किती उड्डाणे ठरलेल्या वेळी झाली हे तपासावे, आणि पैसे त्यावर द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एसटीने खेड्याचा विश्वास असाच मिळवला होता. गाडी रिकामी असली तरी ती येणार हे गावाला ठाऊक होते.

मधला काही काळ नांदेडला विमान येत नव्हते. २०२४ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली आणि त्या दिवाळीला मी पुन्हा विमानाने गेलो. घरी पोहोचल्यावर चहा व्हायच्या आधीच आईने विचारले, “गाडीत माणसं किती होती रे?”

मी उतरताना मोजूनच आलो होतो. “एकेचाळीस,” मी म्हणालो.

“बरं झालं,” आई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.