सीईटीत चुकलं तर गुण कापतात? नाही. माझ्या फॉरवर्डबद्दल खुलासा

सोमवारी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एमएचटी-सीईटीबद्दल (इंजिनिअरिंग, फार्मसीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) मीच टाकलेला मेसेज: 'एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, खात्री नसेल तर प्रश्न सोडा. आणि पीसीएम, पीसीबी दोन्ही ग्रुपची फी भरा, नाहीतर फार्मसी हातची जाते.' (पीसीएम म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित; पीसीबीत गणिताऐवजी जीवशास्त्र.) दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. न वाचता पुढे ढकलला, चूक माझी.

भाचीनं तो मनावर घेतला. सात रस्त्याजवळच्या क्लासमधल्या सराव परीक्षेत तिनं चौदा प्रश्न कोरे सोडले. तिनंच विचारलं, "मामा, हे कुठं लिहिलंय?" मग मी सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका उघडली. तिथं स्पष्ट आहे, निगेटिव्ह मार्किंग नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या प्रश्नाला एक गुण, गणिताच्या प्रश्नाला दोन, प्रत्येक ग्रुपचे एकूण 200. म्हणजे गणिताचा एक कोरा प्रश्न दोन गुणांना पडतो. गुण कापतात ते नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत: बरोबरला चार आणि चुकीला वजा एक. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक तिथलंच उचललं असावं.

फार्मसीला पीसीएम किंवा पीसीबी, कुठलाही एक ग्रुप चालतो. इंजिनिअरिंगला पीसीएम लागतो. एमबीबीएस नीटवरच, तिथं सीईटीचा उपयोग नाही. दुसऱ्या ग्रुपची फी वेगळी असते, ती केवळ या भीतीनं भरू नका.

जुना मेसेज मी डिलीट केलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथं हा खुलासा टाका, आणि तो मेसेज आता थांबवा.