'खरा फौजी कुणापुढं मन मोकळं करत नाही' म्हणे!

सध्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या फौजी घरांत एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांकडून आला, त्यात माझा सख्खा दीरही होता. मेसेज म्हणतो: खरा फौजी एकट्याच्या हिमतीवर उभा असतो, घरच्यांनी अडचणी त्याच्या कानावर घालू नयेत, मनाचा डॉक्टर कच्च्या माणसांसाठी असतो, आणि नोकरी संपली की फौजी आपोआप सावरतो. शिरोळ तालुक्यात फौजीची बायको म्हणून १९ वर्षं काढलेल्या मला यातलं एकही वाक्य पटत नाही.

'एकट्याची हिंमत' हे फौजेत कुणी शिकवतच नाही. तिथं प्रत्येकाला बडी असतो, म्हणजे जोडीदार. एकमेकांवर नजर ठेवायची, एकमेकांचं दुखलंखुपलं बघायचं. सियाचेनवर गस्त निघते तेव्हा जवान एका दोराला बांधून चालतात. एक जण बर्फाच्या भेगेत घसरला, तर बाकीच्यांनी त्याला धरून ठेवायचं. त्या दोराला कुणी दुबळेपणा म्हणेल का?

'घरच्या अडचणी सांगू नका.' ही चूक मी स्वतः केली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात पाणी शिरलं, म्हशी सोडून द्याव्या लागल्या, सासूबाईंना नावेतून काढलं. हे तेव्हा सीमेवर होते. काळजी नको म्हणून मी फोनवर एवढंच बोलले, "थोडं पाणी आलंय." मग माझा फोन बंद पडला, आणि यांनी लंगरात, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, टीव्हीवर शिरोळ पाहिलं.

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. बडीनं यांना क्षणभर एकटं सोडलं नाही. सुभेदारसाहेबांनी पलटणीत विचारपूस केली, तेव्हा गडहिंग्लजच्या एका जवानाचा मेहुणा जयसिंगपूरला असल्याचं कळलं. त्या भल्या माणसानं पूरग्रस्तांच्या छावण्या पालथ्या घालून आम्हाला शोधलं आणि स्वतःच्या फोनवरून बोलणं करून दिलं. मराठा पलटणीत आपल्याच भागातली इतकी पोरं असतात की मदतीचा धागा थेट गावापर्यंत पोचतो. यांचं पहिलं वाक्य होतं, "माझ्याशी खोटं का बोललीस?" त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तेव्हापासून आमच्यात ठरलंय, की खरं सांगायचं आणि सोबत बंदोबस्तही सांगायचा. "आईंना दवाखान्यात ठेवलंय, भाऊजी जवळ आहेत, पैशाची सोय झालीय." नुसती वाईट बातमी माणसाला पोखरते. तिच्याजवळ कोण उभं आहे हे कळलं, की तो ड्यूटीवर लक्ष देऊ शकतो.

मनाच्या डॉक्टरबद्दलची भीती मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येत तपासून फौज देते तो दर्जा, खाली गेली तर बढती अडेल, हे जवान बोलून दाखवतात आणि त्यात तथ्य आहे. पण झोप उडालेला, चिडचिडा झालेला माणूस हातात रायफल घेऊन पहाऱ्यावर उभा राहतो, तो धोका लपवल्यानं कमी होत नाही. फौजेलाही हे कळलंय. टेलि-मानस ही फोनवरून मनाच्या त्रासावर सल्ला देणारी सरकारी सेवा. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, खास सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा नंबर १४४१६. बायकांनीही लावावा, कारण रात्री जाग्या आपणही असतो.

राहिलं 'आपोआप सावरणं'. चाळिशीच्या आत पेन्शन घेऊन आलेला माणूस गावात उपरा वाटतो, कारण त्याची उठबस ज्यांच्यात होती ते सगळे मागं राहिले. कोल्हापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागदपत्रांना मदत करतं. संध्याकाळी सोबत बसायला मात्र माणसंच लागतात. आमच्या गल्लीतले तीन माजी सैनिक रोज साडेसहाला पारावर जमतात. एखादा आला नाही, तर उरलेले दोघे त्याच्या दारात जाऊन हाक मारतात.