नुसता मांडीचा घेर मोजून काय होणार?
‘मांडी जितकी जाड, तितका स्प्रिंट दमदार’ हे सायकल स्प्रिंटवरच्या (शेवटच्या सुसाट धावेवरच्या) लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. स्नायूचा आडवा छेद मोठा असला की जोर वाढतो, मान्य. पण पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग! स्प्रिंटमध्ये पेडल मिनिटाला १२० फेरे मारतं, म्हणजे स्नायूला सेकंदात दोनदा आखडून सैल व्हावं लागतं. तिथे स्नायूतले लांब तंतू आणि झटकन आखडणाऱ्या जलद तंतूंचं प्रमाण कामी येतं. आमच्या ग्रुपमधला जिममध्ये मांड्या कमावलेला एक गडी सुटताना सगळ्यांना मागे टाकतो, पण केडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) चढला की सीटवर नुसता उसळत राहतो.

लेखात जर्मन ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फ्योर्स्टेमानच्या अवाढव्य मांड्यांचा फोटो आहे. शेजारी टूर द फ्रान्सचे ३५ टप्पे जिंकणारा, हवेचा अडसर कमी करायला हँडलवर झोपल्यासारखा वाकणारा ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशही हवा होता.