ताण कमी करायचाय? मग बाटली नको, माणसं द्या

आज ऑफिसात आम्हाला हॉलमध्ये बसवून कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या, बाटल्या वाटल्या. विषय होता आतड्यांचं आरोग्य आणि संकटात टिकून राहण्याची ताकद. आमच्या टीममधली माणसं नुकतीच कमी केलीत, त्यांचं काम आमच्या अंगावर पडलंय, आणि आम्ही काय करायचं, तर आतड्यातले जिवाणू सांभाळायचे! संध्याकाळपासून डोकं तापलंय.

'आपले पूर्वज आंबवलेलं खाऊन-पिऊन कणखर राहिले,' असं व्याख्यान देणाऱ्या बाई म्हणाल्या आणि मला आजी आठवली. सांगोल्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. घरात रोज आंबील. पीठ रात्री पाण्यात भिजवायचं, सकाळी आंबलं की मीठ घालून शिजवायचं. गुरं विकल्यावर ताक कुठलं?

पण आजी आंबिलीवर तगली नाही हो! दुष्काळी कामं निघाली, हजेरीपटावर नाव लागलं, मजुरी हातात पडली, कामावर सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) मिळाली, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, का होईना पण धान्य आलं, म्हणून तगली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी रोजगार हमी योजना लावून धरली, १९७७ साली तिचा कायदा झाला. कणखरपणा म्हणतात तो असा बाहेरूनही यावा लागतो.

संशोधन आहे, नाही असं नाही. स्टॅनफर्डच्या २०२१च्या अभ्यासात दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेल्या भाज्या), कोंबुचा रोज घेणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली, दाह कमी झाला. चांगलंच आहे. पण सगळी मिळून माणसं ३६, तीही धडधाकट. आणि उंदरांचं काय सांगितलं आज! एक जिवाणू खाऊ घातला तर उंदीर कमी घाबरले, हे २०११चं काम, त्यात आयर्लंडमधल्या कॉर्कचे शास्त्रज्ञ होते. पुढे तोच जिवाणू निरोगी पुरुषांना दिला तेव्हा त्यांच्या ताणात फरक पडला नाही, हेही कॉर्कच्याच लोकांनी प्रामाणिकपणे छापलं. ते मात्र आज कुणी बोललं नाही. माझा राग शास्त्रज्ञांवर नाहीच. त्यांचं अर्धं वाक्य उचलून आमच्या गळ्यात मारणाऱ्यांवर आहे.

आजीचा धाकटा मुलगा त्याच वर्षी गेला. तापाने. आंबील तोही प्यायचा. 'किती सोसलंत तुम्ही' असं कुणी कौतुकाने म्हटलं की आजी उठून आत जायची. लहानपणी मला वाटायचं तिला लाज वाटते. आज हॉलमध्ये बसल्या बसल्या तिचं ते उठून जाणं समजलं, आणि खरं सांगते, घसा दाटून आला.

उन्हाळ्यात मी आंबील करते, मुलांना आवडते, पोटाला गार वाटतं. पुढेही करणार. त्यासाठी मला स्लाइड नको.

सोमवारी मी लेखी विचारणार आहे, कमी केलेल्या जागा कधी भरणार आणि तोवर आमचे कामाचे तास काय राहणार. टीममधल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी आज रात्रीच मेसेज करा.