पुन्हा क्रॉसच!

वर्षात तिसऱ्यांदा क्रॉस गेला, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा अधिकच्या खुणेसारखा सांधा. जुनी फोर-बाय-फोर जीप. भोर सोडून वरंधा घाटाला लागलो, गिअर टाकला आणि खालून तोच ‘टंग’. वेग घेतला की पायाखालचा पत्रा थरथरतो. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं, “गाडी जुनी झाली साहेब, विकून टाका.”

अहो, वयामुळे नाही जात दोन महिन्यांत नवा क्रॉस! प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे तो दांडा, खोलण्याआधी खूण करायची असते. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत बसले पाहिजेत. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक भरून काढतो. स्प्लाइन, म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसवणाऱ्या खाचा, चुकवून शाफ्ट जोडला की हा हिशेबच बिघडतो. मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या बारीक सुयांचा चुरा होणारच. खडूची एक रेघ हो! तेवढीही कोणी मारत नाही.

ग्रीसचं तेच. क्रॉसच्या चारही टोकांवरच्या कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची असते. इथे दोन पंप मारले की झालं काम! ओढ्यातून, चिखलातून जाणारी गाडी आहे ही, आत शिरलेलं पाणी कोण काढणार?

ऑइल सील गळतात, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश झिजतात, ते वयाचं दुखणं, मी सोसतो. पण जोडणाऱ्याच्या हलगर्जीपणाचं खापर माझ्या गाडीच्या वयावर का? या वेळी शाफ्ट उतरताना खडू घेऊन मीच गाडीखाली शिरणार आहे.