समुपदेशक नेमाल, पण त्याच्या पाठीशी कोण?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंदर्भात निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या शिक्षक मित्रमैत्रिणींशी बोलणं झालं की गाडी तिथेच अडते: माणसं आणायची कुठून, पगार कोण देणार, पद तासिका तत्त्वावर भरलं तर चालेल का?

मी अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये स्कूल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. माणसांचा तुटवडा इथेही आहेच. आमची राष्ट्रीय संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ हवा म्हणते, प्रत्यक्षात देशाची सरासरी हजारामागे एकाच्याही पलीकडे आहे. पण नेमलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, एवढं तरी इथे मान्य झालंय. १२०० तासांची इंटर्नशिप, त्यात आठवड्याला सरासरी दोन तास अनुभवी व्यक्तीसोबत बसून केसेसवर बोलायचं, यालाच सुपरव्हिजन म्हणतात. पुढे राष्ट्रीय प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांनी ७५ तासांचं प्रशिक्षण. (त्यातले बरेच तास वेबिनारचा आवाज बंद करून रिपोर्ट लिहिण्यात जातात, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे.)

खरा आधार वेगळाच असतो. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘मी नसले तर घरातली भांडणं थांबतील.’ तिच्याशी बोलून झाल्यावर मी आमच्यातल्या ज्येष्ठ सहकारी बाईंना फोन लावला. त्यांनी धीर वगैरे दिला नाही, सरळ प्रश्न विचारले. मुलीजवळ आत्ता कोण आहे? आज रात्री घरी कोण असणार? औषधं कुठे ठेवतात? पालकांशी एकटी बोलू नकोस, मुख्याध्यापिकेला शेजारी बसव. दोन दिवसांनी त्याच केसवर आम्ही पुन्हा अर्धा तास बसलो. हा अर्धा तास माझ्या कामाच्या वेळेतला होता, कुणी कुणावर उपकार केले नव्हते.

तिकडे महाराष्ट्रात माझी एक मैत्रीण शाळेत समुपदेशक आहे. कुणी शिक्षक रजेवर गेले की ऑफ तास तिच्याकडे, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालनही तिच्याकडेच. अशी केस समोर आली तर ती कॉलेजच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारते. म्हणजे मुलाची गोष्ट, नाव गाळून का होईना, वीस-पंचवीस फोनांवर जाते. तिला दोष कसा देणार? दुसरीकडे विचारायची सोयच नाही. शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्या, असं निर्देशांत आहे. समुपदेशकाने कुणाला विचारायचं, यावर मात्र चर्चेत कुणी बोलताना दिसत नाही.

अमेरिकेची नक्कल करा, असं मी म्हणणार नाही. इथे पालकांची संमती मिळाल्यापासून साधारण ६० दिवसांत, मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का हे ठरवणारं मूल्यमापन पूर्ण करायचा केंद्रीय कायदा आहे. मुलांच्या हक्कासाठी तो हवाच, पण त्यापायी आमचं निम्मं आयुष्य रिपोर्टांत जातं. पुष्कळ ठिकाणी वरिष्ठ म्हणून बसलेल्या अधिकाऱ्याला तारखांपलीकडे काही कळत नाही, आणि त्यालाही सुपरव्हिजनच म्हणतात.

समुपदेशकाला विचारायची जागा मिळावी म्हणून महाराष्ट्रात नवं काही उभारायला नको. केंद्र पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतातच. तशीच तालुक्यातल्या समुपदेशकांची महिन्यातून दोनदा बैठक ठेवा, जवळच्या महाविद्यालयातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाला मानधन देऊन बोलवा, आणि तो वेळ ड्यूटीत धरा. फक्त मुख्याध्यापक आणि अधिकाऱ्यांना त्या खोलीत बसवू नका. ज्यांच्या हातात आपला गोपनीय अहवाल आहे, त्यांच्यासमोर ‘ही केस मला झेपत नाहीये’ असं कोण म्हणेल?