खुलासा : व्होल्टमीटरच्या सिलेक्टर स्विचला ३० अँपिअरची क्षमता लागत नाही

घरी बांधलेल्या विमानात मुख्य बस, अत्यावश्यक बस (बस म्हणजे अनेक उपकरणांना वीज वाटून देणारी सामाईक पट्टी) आणि राखीव बॅटरी यांचे व्होल्टेज एकाच मीटरवर पाहण्यासाठी लावलेला स्विच थेट बॅटरीशी जोडला जात असल्याने तो किमान ३० अँपिअरचा असावा, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. स्विचमधून किती प्रवाह जाईल हे बॅटरी नव्हे, तर मीटरचा रोध ठरवतो. १४ व्होल्टला १० किलोओहमचा मीटर जेमतेम १.४ मिलिअँपिअर घेतो. उलट, जाड चांदीचे संपर्क असलेल्या अवजड स्विचवर इतक्या क्षीण प्रवाहाने ऑक्साइडचा थर तुटत नाही आणि वाचन डळमळू शकते.

दाव्यामागची भीती मात्र अगदीच निराधार नाही. तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. पण त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक तारेच्या उगमाजवळच बसवलेला १ अँपिअरचा फ्यूज. खरी काळजी वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही: हा रोटरी, म्हणजे खुंटी फिरवून बदलायचा, स्विच आधीचा संपर्क सोडून मगच पुढचा जोडणारा हवा, अन्यथा खुंटी फिरवताना दोन स्वतंत्र बस क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात.